कौसाबाईंच्या फ्रिजचे दार

मोरिवलीत कौसाबाईंच्या पाळणाघराला पाटी नव्हती, पण नियम होता. तो उंबऱ्यातच सांगितला जायचा: वाहते नाक घरात नाही.

सकाळी आई मूल घेऊन आली की कौसाबाई आधी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायच्या आणि नाकपुड्या निरखायच्या. कोरड्या दिसल्या की म्हणायच्या, "जा राजा, आत जा." ओल्या दिसल्या की मुलाला काही न बोलता आईकडे बघायच्या. आई बिचारी घड्याळाकडे बघायची. कुणी कारखान्यात पॅकिंगला, कुणी ठाण्याच्या ऑफिसात, आणि रजा कुणालाच नाही. मुलाला सर्दी होते म्हणून कामावरचा साहेब काही आठवडाभर थांबत नाही.

यावर आयांनी आपसांत एक तोड काढली होती. नाक गळायला लागले की संध्याकाळी मेडिकलमधून ते गुलाबी औषध आणायचे. बाटलीतल्या पावडरीत उकळून गार केलेले पाणी घालायचे, खळाखळा हलवायचे आणि चमचा पाजायचा. मुलांची तक्रार नसायची, कारण चव स्ट्रॉबेरीची. दोन-तीन दिवसांत नाक सुकले की मूल पाळणाघरात हजर, आणि उरलेली बाटली कौसाबाईंच्या फ्रिजमध्ये.

"राहू दे मावशी, परत लागलं तर," असे म्हणून प्रत्येकीने ठेवलेल्या बाटल्यांची फ्रिजच्या दारात रांगच लागली होती. ताकाची बाटली, लिंबे, कढीपत्त्याची पिशवी आणि मग हे गुलाबी सैन्य. कुठल्या बाटलीवर कुणाचे नाव होते ते ओल्या हातांनी कधीच पुसून गेले होते. त्याचे कुणाला काही वाटत नसे. दुपारी एखादीचा फोन यायचा, "मावशी, परीला शिंका येतायत का? द्या ना एक चमचा, कुठल्याही बाटलीतला," आणि कौसाबाई द्यायच्या. वस्तू वाया जाऊ नये आणि पोराची अडचण निघावी, यात वाईट ते काय?

स्वतः मात्र कौसाबाई औषधाच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत. "गोळी माझ्या घशात आडवी व्हते," म्हणायच्या. काही झाले की आले, तुळस, गवती चहा. जन्मात त्यांनी एक गोळी गिळली नव्हती आणि हे त्या मोठ्या अभिमानाने सांगायच्या.

हे सगळे रोज बघणारी एक मुलगी होती, ओवी. पाचवीत होती. शाळा सुटली की धाकट्या विकूबरोबर ती संध्याकाळपर्यंत इथेच असायची. आई वृंदा उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. ओवीला प्रश्न फार पडायचे. फ्रिजमधला दिवा दार बंद केल्यावर विझतो, हे कुणी पाहिलंय? कावळा एका डोळ्याने बघताना दुसऱ्याने काय करतो? कौसाबाई तिला वकीलीणबाई म्हणायच्या, पण तिच्या प्रश्नाला कधी "गप बस" म्हणायच्या नाहीत. उत्तर येत नसेल तर सरळ सांगायच्या, "मना नाय ठाव गो बाय. तुला कळलं तर मलापन सांग."

दुपारी पोरे आडवी झाली की त्या शेताच्या गोष्टी सांगायच्या. आता जिथे कारखाने आहेत तिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्यांचे भात होते. एक गोष्ट ओवीला फार आवडायची, ती रानटी भाताची. हे तण बरेचसे भातासारखेच दिसते, पण दाणा पिकायच्या आधीच जमिनीत सांडून मोकळे होते. हाती काही लागत नाही.

"मंग आम्ही बाया बेणायला बसायचो," कौसाबाई सांगायच्या. "जे वेगळं दिसंल ते उपटायचं. पण काही काही असं लबाड, हुबेहूब भातावानी! ते ऱ्हायचं. त्याचं बी पडायचं. म्होरल्या साली लबाड जास्ती. सासू मना म्हनायची, तुझी नजर फुटली काय गो? नजर कशानं फुटते? तण शिकलं व्हतं."

"तण कसं शिकेल, आजी? त्याला शाळा नसते."

"ते तू सांग, वकीलीणबाई. तू जातेस शाळंत."

त्या वर्षी थंडी जरा लवकर पडली. एका सकाळी वृंदा मुलांना घेऊन गेली तर पाळणाघराचे दार बंद. पायरीवर कौसाबाईंचा मुलगा रघु उभा होता. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल.

"मॅडम, आज नाय. आईला बदलापूरला ॲडमिट केलीय. न्युमोनिया सांगतात."

"अहो पण परवा तर नुसता खोकला होता!"

"गल्लीतल्या डॉक्टरनं कॅप्सूल दिल्या. गिळत नाय म्हणून फोडून मधातून चाटवल्या. काय फरक नाय. काल दम लागला, ओठ निळे पडले. आता ऑक्सिजन लावलाय." रघु थांबला. मग ओवीकडे बघून म्हणाला, "तुझं नाव घेत व्हती गो. वकीलीण कुठंय विचारत व्हती."

ओवीने आईचा हात घट्ट धरला.

शनिवारी ओवीच्या बाबांना सुट्टी होती. त्यांनी विकूला सांभाळले, आणि ओवी हट्ट करून आईबरोबर लॅबमध्ये गेली. कौसाबाईंचा बेडका तपासायला त्यांच्याच लॅबमध्ये आला आहे, हे तिने आईच्या फोनवर ऐकले होते. लॅबच्या खाली दाल-पकवानचे दुकान, शेजारी जीन्स शिवणाऱ्या यंत्रांची घरघर, आणि जिना चढून गेले की एकदम शांतता. लॅबचे प्रमुख चिंतामणी सर. पूर्वी कॉलेजात शिकवायचे. पांढऱ्या मिशा, आणि लहान मूल दिसले की त्यांना हातातले काम दिसेनासे व्हायचे.

"आत यायचं नाही," ते ओवीला म्हणाले, "पण काचेतून बघायला कुणाची बंदी नाही. स्टुलावर चढ."

काचेपलीकडून त्यांनी हातमोजे घातलेल्या हाताने एक बंद झाकणाची चपटी बशी धरली. आत लालभडक जेली होती.

"ही जेली कशाची?" ओवीने विचारले.

"मेंढीच्या रक्ताची. तोंड वाकडं करू नकोस, जंतूंची ही मेजवानी आहे. कौसाबाईंच्या बेडक्यातले जंतू आधी यावर वाढवले. नीट बघ, ठिपके दिसतात?"

ओवीने नाक काचेला टेकवले. जेलीवर दवाचे थेंब पडल्यासारखे बारीक बारीक ठिपके होते. सरांनी भिंग धरले तेव्हा दिसले, की प्रत्येक ठिपका मधोमध जरा दबलेला आहे.

"कॅरमची सोंगटी!"

"शाब्बास. आम्हाला कॉलेजात हेच ओळखायला चार तास लागले होते. एकेका सोंगटीत लाखो जंतू आहेत. हाच न्युमोनियाचा जंतू. आता ही दुसरी बशी बघ. इथे त्याला सगळीकडे सारखा पसरला आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवल्या. प्रत्येक चकतीत वेगळं औषध. काय दिसतं?"

ओवी बराच वेळ बघत राहिली. काही चकत्यांभोवती मोठे स्वच्छ वर्तुळ होते. तिथे जंतू उगवलेच नव्हते, जणू चकतीने त्यांना हाकलून दिले होते. पण एका चकतीभोवती वर्तुळच नव्हते. जंतू तिच्या कडेपर्यंत येऊन भिडले होते, पाहुण्याच्या घरी चपला काढून ऐसपैस बसावे तसे.

"याला ते घाबरतच नाहीत," ती हळूच म्हणाली. "हेच औषध आजीला दिलं होतं का?"

"हेच. गल्लीतल्या डॉक्टरांचं. म्हणून उतार पडला नाही. पण हे मोठं वर्तुळ दिसतंय ना? मी आत्ताच बदलापूरच्या डॉक्टरांना फोन केला, हे औषध चालेल म्हणून. त्यांनी सलाईनमधून सुरू केलं असेल."

"मग आजी बरी होईल?"

सरांनी बशी खाली ठेवली. "आता औषध योग्य आहे. वय झालंय, दोन-तीन दिवस वाट बघावी लागेल. खोटं सांगत नाही तुला."

ओवीने मान हलवली. मग स्टुलावरून न उतरताच म्हणाली, "पण सर, त्या जंतूला ते औषध आधीपासून माहीत होतं का?"

"जंतूला माहीत-बिहीत काही नसतं. त्याला डोकंच नाही. फक्त लाखांमध्ये एखादा जन्मतःच जरा वेगळा निघतो. औषध आलं की बाकीचे मरतात आणि तो उरतो. जागा मोकळी, खायला भरपूर. मग त्याची पिलावळ वाढते, आणि ती सगळी त्याच्यासारखी."

"पण कौसाआजीनं औषध कधी घेतलंच नाही! त्या कॅप्सूल पहिल्यांदाच. मग ते बाकीचे मेले कधी?"

काचेपलीकडे काम करणारी वृंदा थबकली. सरांनी मिशीवरून बोट फिरवले. प्रश्न आवडला की ते असे करायचे.

"हे दोन-चार दिवसांत झालेलं नाही. म्हणजे ते दुसरीकडे कुठेतरी मेले. मग मी तुला उलटा प्रश्न देतो. आजीच्या छातीत यायच्या आधी हा जंतू कुठे राहत होता?"

"जंतूला घर असतं?"

"याला असतं. नाकाच्या पाठीमागे, घशाच्या वर. आणि लहान मुलांची नाकं त्याला फार आवडतात. बहुतेक वेळा तिथे तो गुपचूप राहतो, मुलाला काहीसुद्धा करत नाही. तिथून एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत उतरला की मात्र धिंगाणा. आता शोध तू."

परत येताना रिक्षात ओवी डोळे मिटून कौसाबाईंचे घर बघत होती. पदराच्या टोकाने एकामागून एक नाके पुसणाऱ्या कौसाबाई. मुलांच्या ताटलीतला उरलेला वरणभात "टाकू कशाला" म्हणून खाणाऱ्या कौसाबाई. आणि फ्रिजचे दार. दिवा लागतो, आणि गुलाबी रांग दिसते.

घरी पोहोचल्यावर तिने आपलाही फ्रिज उघडला. लोणच्याच्या बरणीमागे एक गुलाबी बाटली होतीच.

"आई, विकूला दिवाळीत हे दिलं होतंस ना?"

"हो."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

"मागच्या वेळी सांगितलं होतं."

"मागच्या वेळी म्हणजे कधी? कान दुखत होता तेव्हा?"

"ओवी, कोर्ट भरवू नकोस आता," वृंदा म्हणाली. पण मग ती ओट्याला टेकून उभी राहिली. "मला माहीत होतं गं," ती म्हणाली. "रोज त्या बशा मीच भरते. मावशींच्या कॅप्सूलमधलं औषध आणि या बाटलीतलं, दोन्ही एकच. साध्या सर्दीचा विषाणू वेगळा असतो, त्याला या औषधाचं काहीसुद्धा होत नाही. नाक आपोआपच सुकतं, तेवढ्या दिवसांत. पण सकाळी दारात मावशी हनुवटी धरणार आणि मला परत घरी यावं लागणार... त्या वेळी एक चमचा फार सोपा वाटतो."

"मग औषध नाकात जाऊन कुणाला मारतं?"

"जे गुपचूप राहत होते त्यांना. जे मरण्यासारखे होते त्यांना."

"आणि लबाड उरतात." ओवी एकदम ताठ झाली. "आई, रानटी भात!"

वृंदाला ती गोष्ट माहीत नव्हती, त्यामुळे ओवीला ती सगळी सांगावी लागली. सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला. "म्हणजे विकूच्या नाकातून गेला तो आजीकडे?"

"कुणाच्या नाकातून, ते कुणीच सांगू शकणार नाही. विकूच्या, परीच्या, कदाचित तुझ्याही."

ओवीचा हात आपोआप नाकाकडे गेला. कार्टूनच्या पडद्यासमोर लोळत असलेल्या विकूने तेवढ्यात बाहीला नाक पुसले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रघुचा फोन आला. ताप उतरला होता, ऑक्सिजन काढला होता, आणि कौसाबाईंनी दवाखान्यातल्या डाळीला नावे ठेवली होती. वृंदा हसली. ओवीही हसली, पण एक प्रश्न तसाच होता. आजीला हे सांगायचे की नाही? सांगितले तर आजी म्हणेल, माझ्या पोरांनीच मला पाडलं. नाही सांगितले तर पाळणाघर उघडेल, तीच नाके येतील आणि फ्रिजचे तेच दार उघडेल.

कौसाबाई घरी आल्या तेव्हा वृंदा आणि ओवी भेटायला गेल्या. खाटेवर बसलेल्या कौसाबाई अर्ध्या झाल्या होत्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. परीला घेऊन तिची आई शीला आधीच येऊन बसली होती.

"मावशी, सोमवारपासून चालू करताय ना? प्लीज. मेरी तो पूरी छुट्टी खतम. आणि परीचं नाक गळतंय बघा, आमची बाटली इथंच राहिलीय. देता का?"

"फ्रिजमंदी असंल. घे ना, कंची पन घे."

शीला उठली. ओवी तिच्या आधी जाऊन फ्रिजला पाठ लावून उभी राहिली.

"नको," ती म्हणाली.

"अगं, काय झालं हिला?" शीला हसत म्हणाली.

"ये इकडं वकीलीणबाई," कौसाबाई म्हणाल्या. "बोल. भांडण हाय का सवाल हाय?"

आणि ओवीने सांगितले. लाल जेली, कॅरमच्या सोंगट्या, न घाबरणारे जंतू, नाकामागचे घर, सगळे. आधी अडखळत, मग रानटी भातापाशी आल्यावर भरभर. "तुम्ही म्हणाला होतात ना, तण शिकलं? ते शिकलं नव्हतं आजी. तुम्ही वेगळं दिसणारं उपटत होतात, म्हणून सारखं दिसणारंच उरत होतं. इथंपण तसंच. आम्ही सगळे उपटत होतो. चमच्याने."

शीलाने परीच्या डोक्यावर हात ठेवला आणि वृंदाकडे पाहिले. वृंदाने मान डोलावली. "आमच्याही घरात होती बाटली, शीलाताई."

कौसाबाईंनी स्वतःच्या पदराच्या टोकाकडे पाहिले. मग ते टोक हातात घेऊन म्हणाल्या, "म्हंजी पोरांनी आनलं आन मी वाटलं. ह्यानंच."

"आजी, मला तुम्हाला वाईट वाटायला लावायचं नव्हतं."

"वाईट कशाला? मी जन्मभर सासूच्या शिव्या खाल्ल्या, नजर फुटली म्हनून. आज कळलं, नजर चांगलीच व्हती! लईच चांगली व्हती, म्हनून तर लबाड ऱ्हायलं!" त्या हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि खोकला थांबताच उठून उभ्या राहिल्या. रघु "आई, बस गो" म्हणेपर्यंत त्यांनी फ्रिज उघडला होता. एकेक बाटली काढून त्यांनी ओटीत घेतली आणि सरळ मोरीकडे निघाल्या.

"मोरीत नको!" ओवी ओरडली.

कौसाबाई झाकण उघडता उघडता थांबल्या. "आता काय? टाकू पन नको?"

"मोरीचं पाणी गटारात जातं. गटारात कितीतरी जंतू असतात. तिथे पण..."

"तिथं पन बेणणी व्हईल," कौसाबाईंनी वाक्य पुरे केले आणि ओटी पुन्हा सावरली. "अगो बाई. मग करू तरी काय ह्यांचं?"

"माझ्याकडे द्या," वृंदा म्हणाली. "लॅबमध्ये पिवळी पिशवी असते, ती जाळायला जाते. सरांना विचारलंय मी."

बाटल्या पिशवीत गेल्या. ओवीने रिकामे दार एकदा उघडून पाहिले. ताक, लिंबे, कढीपत्ता. एकदम मोठे वाटत होते.

"सगळं खरं," शीला म्हणाली, "पण मावशी, माझं काय? नाक गळतं म्हणून तुम्ही आत घेणार नाही, औषध द्यायचं नाही, मग मी परीला घेऊन मशीनवर बसू?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. सगळ्यांनी कौसाबाईंकडे पाहिले. त्या खाटेवर बसल्या, दम घेतला, आणि दारातल्या पडवीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाक येऊ दे. वाहती नाकं पडवीत बसतील, उन्हाला. प्रत्येकाच्या सदऱ्याला पिनेनं ज्याचा त्याचा रुमाल लावायचा, आमच्या टायमाला बालवाडीत लावायचे तसा. माझा पदर बंद. मी आपला मास्क बांधीन, डॉक्टरनं लस पन सांगितलीय म्हाताऱ्यांची, ती घेईन. ताप आला, पोर मलूल झालं, तर डॉक्टर. आन डॉक्टरनं खरंच औषध दिलं तर ते सांगतील तितके दिस, त्याच पोराला. पन सर्दीची बाटली माझ्या उंबऱ्याच्या आत नाय."

"आणि तुझ्या गोळ्या?" रघु म्हणाला. "घरी आल्यापासून तोंडात धरून बसतेस, मग हळूच कुंडीत टाकतेस. मी बघत नाय का?"

"वाटतंय मना बरं आता."

"आजी!" ओवीने हात कमरेवर ठेवले. "आणि कुंडीत टाकता? कुंडीतल्या मातीत..."

"हो गो बाय, हो, कळलं! मातीतपन बेणणी." कौसाबाईंनी उशाखालची गोळी काढली, तिच्याकडे शत्रूकडे बघावे तसे बघितले, डोळे मिटले आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. गोळी घशात आडवी झाली नाही. त्यांचे त्यांनाच नवल वाटले.

जायची वेळ झाली, वृंदाने पिशवी उचलली, तेव्हा कौसाबाईंनी ओवीचा हात धरून ठेवला.

"एक सांग. शेवटी शेवटी आमच्यातल्या बऱ्याच जनांनी बेणायचंच सोडलं व्हतं. जमिनी विकायच्या व्हत्या ना. मंग ते लबाड भात... कुनी उपटतच नाय म्हनल्यावर ते परत वेगळं दिसाया लागतं का गो? का एकदा लबाड झालं ते झालं?"

फ्रिजचे दार, बशीतली चकती, परीचे गळणारे नाक, सगळे ओवीच्या डोळ्यांसमोरून फिरून गेले.

"मला नाही माहीत, आजी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "कळलं तर तुम्हालापण सांगते."